पाकीट उलटं करून वाचा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं लेखरूप)



संयोजकांनी मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी विचारलं, वेळ किती? ते म्हणाले, वीस मिनिटं, आणि तीही जेवणानंतरची. बासुंदी झाल्यावर वीस मिनिटांत सगळं आरोग्य सांगणं मला जमणार नाही. म्हणून मी एकच लहानशी वस्तू निवडली आहे. ती आत्ता या सभागृहातसुद्धा बऱ्याच जणांच्या पर्समध्ये किंवा गाडीच्या कप्प्यात असेल. ती म्हणजे स्नॅक बार. एनर्जी बार, प्रोटीन बार, ग्रॅनोला बार, मिलेट बार, नावं काहीही असोत.

हाच विषय का, तेही सांगते. आपण सगळ्यांनी पंचावन्नी ओलांडली. कोणाची साखर वाढली आहे, कोणाला स्टेंट बसला आहे, कोणाच्या गुडघ्यांनी वजन कमी करायची नोटीस दिली आहे. सकाळी आपण आपल्यातून गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभे राहिलो, तेव्हा यादी मागच्या मेळाव्यापेक्षा लांब होती. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांकडे आता डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला आहाराचा कागद आहे. त्या कागदावर नाश्ता नीट लिहिलेला असतो, दोन्ही जेवणं नीट लिहिलेली असतात. अडतं ते दुपारी साडेचार-पाचला. त्या वेळेला भूक लागते, घर लांब असतं, समोर वडापावची गाडी असते आणि पिशवीत बार असतो. मग आपल्या ग्रुपवर बारच्या पाकिटाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न येतो, ‘हे चालेल का गं?’

अठ्ठावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका क्वचितच दुसरा कुठला विचारला गेला असेल. आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही. एकच बार एकाला चालतो, दुसऱ्याला चालत नाही. सकाळी चालतो, रात्री चालत नाही. म्हणून आज मी कुठल्याही कंपनीचं नाव घेऊन ‘हा घ्या, तो टाका’ असं सांगणार नाही. तो निर्णय तुमचा तुम्हाला कसा घेता येईल, तेवढं सांगते.

आधी ही वस्तू आली कुठून ते बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत पिल्सबरी कंपनीने ‘स्पेस फूड स्टिक्स’ नावाच्या कांड्या बाजारात आणल्या. अंतराळवीरांच्या खाण्यासाठी केलेल्या कामातून त्या आल्या होत्या. १९७५ मध्ये तिथे ग्रॅनोला बार दुकानांत आला. आणि १९८६ मध्ये, म्हणजे आपण दहावीला बसलो त्याच वर्षी, कॅलिफोर्नियात ब्रायन मॅक्सवेल नावाच्या मॅरेथॉन धावपटूने आपल्या सहकाऱ्यांबरोबर ‘पॉवरबार’ विकायला सुरुवात केली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात धावपटूच्या शरीरातला साखरेचा साठा संपत येतो. तेव्हा पटकन पचणारं, खिशात मावणारं काहीतरी हवं होतं. त्या गरजेतून हा पदार्थ झाला.

आता विचार करा. एनर्जी बार हा पळणाऱ्या माणसासाठी केलेला पदार्थ आहे. आपण तो गाडीत बसून, लॅपटॉपसमोर बसून, मालिका बघत खातो. त्याच्यात साखर भरलेली असते ती बनवणाऱ्याच्या दुष्टपणामुळे नाही. ज्याच्यासाठी तो केला, त्याला ती साखर पुढच्या अर्ध्या तासात लागणार होती. आपल्याला ती लागत नाही. म्हणून नुसतं ‘बार चांगला की वाईट’ असं विचारून भागत नाही. ‘मी हा कशाच्या जागी खातोय?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

माझ्याकडे येणाऱ्या माणसांत मला साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, जो वडापावच्या किंवा क्रीमच्या बिस्किटांच्या जागी बार खातो. त्याचा बहुधा फायदाच होतो. दुसरा, जो जेवणाच्या जागी बार खातो. मीटिंग आहे, वेळ नाही, चला एक बार खाऊन घेऊ. हा माणूस दुपारचं वाचवतो आणि रात्री दहा वाजता दुप्पट जेवतो. भाजी नाही, आमटी नाही, ताक नाही, पोटाला भरल्याची खूण नाही. तिसरा प्रकार सगळ्यात मोठा. तो चहाबरोबरची खारी खातोच आणि ‘हेल्दी आहे’ म्हणून वर बारही खातो. आहाराच्या कागदावर साडेचारच्या पुढे दीडशे-दोनशे कॅलरी लिहिलेल्या असतात. त्या जागेत एकच वस्तू बसते. बार आला की खारी गेली पाहिजे. बार म्हणजे बदली खेळाडू; तो मैदानात आला की दुसऱ्याने बाहेर जायचं असतं. बारावा खेळाडू म्हणून तो आत आला, तर वजनकाट्यावर दिसणारच.

हे ठरलं की मग पाकीट हातात घ्यायचं आणि सगळ्यात आधी उलटं करायचं. आपल्याला प्रयोगशाळेत शिकवलं होतं, बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय बूच काढायचं नाही. तोच नियम इथे. पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची असते. तिथे बदाम मोठे दिसतात, डोंगर दिसतात, पळणारी सडपातळ बाई दिसते. मागच्या बाजूला कायद्याने लिहावंच लागतं ते लिहिलेलं असतं. अक्षर बारीक असतं हे खरं. चष्मा विसरला असेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. हे वय आता तसंच आहे!

मागे दोन गोष्टी असतात. एक घटकांची यादी आणि दुसरं पोषणाचं कोष्टक.

यादी आधी वाचा. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की पदार्थ कसला आहे ते बहुतेक कळतं. शेंगदाणे, ओट्स, बदाम, ज्वारीच्या लाह्या, डाळ्या अशी नावं पुढे असतील तर ठीक. ग्लुकोज सिरप पहिल्या दोनांत असेल, तर ती गोळी-चॉकलेटची चुलतबहीण समजा.

इथे एक मेख आहे. साखर एकाच नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, ब्राउन राइस सिरप, मध, गूळ, फळांचा आटवलेला रस, खजुराचं सिरप, ही सगळी त्याच घरातली माणसं. एकत्र लिहिली असती तर यादीत पहिली आली असती. चार वेगवेगळ्या नावांनी लिहिली की प्रत्येकीचं वजन कमी भरतं आणि त्या यादीत खाली सरकतात. म्हणून यादीत साखरेची नावं किती वेळा आली ते बोटांवर मोजा. तीन बोटं भरली की पाकीट परत ठेवलेलं बरं.

गूळ आणि मधाबद्दल आपल्या मनात जरा मऊ कोपरा असतो. तो असू दे, मलाही गूळ आवडतो. पण मधात शंभर ग्रॅमला सुमारे ऐंशी ग्रॅम साखर असते, आणि गुळातही बहुतांश साखरच. चव वेगळी, थोडे क्षार जास्त. मधुमेह असलेल्याच्या रक्ताला मात्र हा फरक फारसा कळत नाही.

खजुराचं तसंच. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ असं ठळक लिहिलेले अनेक बार खजुरावर उभे असतात. ते खोटं नसतं, वरून साखर घातलेली नसते. पण सुक्या खजुरात शंभर ग्रॅमला साधारण पासष्ट ग्रॅम साखर असते. चाळीस ग्रॅमच्या बारमध्ये निम्मा खजूर असेल, तर तेरा ग्रॅम साखर झाली. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे चार ग्रॅम. म्हणजे तीन चमच्यांहून जास्त. खजुराबरोबर तंतू येतात, पोटॅशियम येतं, त्यामुळे तो साखरेपेक्षा बराच बरा. पण तीन चमचे ते तीन चमचेच. चहात साखर सोडलेला माणूस हे रोज दोन वेळा खात असेल, तर ‘मी गोड खातच नाही’ असं त्याने म्हणू नये.

आता कोष्टक. इथे गणिताच्या सरांची आठवण काढायची आणि त्रैराशिक मांडायचं. आकडे शंभर ग्रॅमला दिलेले असतात. कंपनीने ठरवलेल्या एका वाटणीचे आकडेही कुठे कुठे असतात, पण ती वाटणी म्हणजे अख्खा बारच असेल असं नाही. समजा, शंभर ग्रॅमला अठ्ठावीस ग्रॅम साखर आहे आणि बार चाळीस ग्रॅमचा आहे. अठ्ठावीस गुणिले चाळीस भागिले शंभर, म्हणजे अकरा पूर्णांक दोन ग्रॅम. जवळजवळ तीन चमचे. आता कळलं, त्रैराशिक पुढे आयुष्यात कुठे उपयोगी पडणार होतं ते! दुसरी मेख अशी की साठ ग्रॅमच्या पाकिटावर ‘एक वाटणी तीस ग्रॅम’ असं लिहिलेलं असू शकतं. अर्धा बार खाऊन उरलेला घडी घालून ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आकडे दुप्पट करा.

कोष्टकात मी पाच ओळी बघते. माझे अंदाज सांगते. हे अंदाज म्हणजे कायदा नाही. आपल्या वयाच्या, बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दुपारच्या खाण्यासाठी मी वापरते ते ठोकताळे आहेत. आणि हे सगळं एका अख्ख्या बारचं, शंभर ग्रॅमचं नव्हे.

पहिली ओळ ऊर्जा. दीडशे ते दोनशे कॅलरी पुरेत. तीनशेच्या पुढे गेला तर ते जेवण झालं.

दुसरी ओळ वरून घातलेली साखर, ‘अ‍ॅडेड शुगर’. पाच ग्रॅमच्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी मोकळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक बरं. दोन हजार कॅलरींच्या हिशोबाने दहा टक्के म्हणजे पन्नास ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे पंचवीस. पण या मोकळ्या साखरेत मध, सिरपं आणि फळांचा रसही धरलेला आहे, आणि दिवसभरात चहा, सॉस, बिस्किटं असतातच. सगळा कोटा एका बारवर उधळायचा नाही. मधुमेह असेल तर एकूण साखरेची आणि एकूण कर्बोदकांची ओळही वाचा. कारण माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा एक पदार्थ असतो, तो साखरेच्या ओळीत फारसा दिसत नाही, पण रक्तातली साखर मात्र झपाट्याने वाढवतो.

तिसरी ओळ तंतू, म्हणजे फायबर. तीन ग्रॅम तरी हवेत. पुढच्या बाजूला ‘सोर्स ऑफ फायबर’ लिहिलं म्हणून विसंबू नका. नियमाप्रमाणे शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम तंतू असले की असं लिहिता येतं. तुमचा बार तीस ग्रॅमचा असेल तर वाट्याला आले जेमतेम एक ग्रॅम. एका पेरूत त्याच्या कितीतरी पट असतात. दुसरं, काही बारमध्ये इन्युलिन किंवा चिकोरीचा तंतू घालून आकडा वाढवतात. ते वाईट नाही, पण एकदम जास्त खाल्लं तर पोटात गुडगुड होते. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा एसटीत बसायच्या आधी नव्या बारचा प्रयोग करू नका.

चौथी ओळ प्रथिनं. पाच-सहा ग्रॅम असतील तर दुपारच्या खाण्याला पुरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. आपल्यातल्या शाकाहारी बायकांची ती भरत नाहीत, हे मी रोज पाहते. पोहे, चहा-पोळी, वरण-भात, खिचडी, असा दिवस जातो. तिथे वीस ग्रॅम प्रथिनांचा बार उपयोगी पडू शकतो, मी तो नाकारत नाही. पण तुलना करून बघा. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीर म्हणजे साधारण अठरा. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम फुटाणे म्हणजे सहा. तेवढेच शेंगदाणे म्हणजे सात-आठ. आणि प्रोटीन बारच्या किमतीत फुटाण्यांची मोठी पुडी येते.

पाचवी ओळ संपृक्त चरबीची, ‘सॅच्युरेटेड फॅट’. यावर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘काइंड’ या बारच्या कंपनीला पत्र पाठवून काही बारवरच्या ‘हेल्दी’ या शब्दाला आक्षेप घेतला. कारण नियमात ठरलेल्या मर्यादेपेक्षा संपृक्त चरबी जास्त होती. कंपनीचं म्हणणं असं की ही चरबी बदामासारख्या कवचफळांतून येते, आणि त्याच मापाने मोजलं तर बदामसुद्धा ‘हेल्दी’ ठरत नाहीत. पुढच्याच वर्षी प्रशासनाने तो शब्द वापरू द्यायचं मान्य केलं, आणि २०२४ च्या अखेरीस ‘हेल्दी’ची व्याख्याच बदलली. यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की आकडा कुठून आला ते बघा. बदाम-शेंगदाण्यातून आलेली चरबी वेगळी आणि वरच्या चॉकलेटी थरातल्या पामच्या तेलातून आलेली वेगळी. आकडा कोष्टकात असतो, त्याचा पत्ता घटकांच्या यादीत असतो. दोन्ही वाचायचं ते त्यासाठी.

आपल्याकडेही ‘हेल्थ’ हा शब्द असाच सैल वापरला जातो. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की दुधात घालायच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली मांडू नका, कारण कायद्यात अशा नावाची व्याख्याच नाही. शब्दावर जाऊ नका, आकड्यावर जा.

‘शुगर फ्री’ बारबद्दल मधुमेही मित्रांसाठी दोन वाक्यं. त्यांत पुष्कळदा माल्टिटॉलसारखे पदार्थ असतात. ते साखरेपेक्षा रक्तातली साखर कमी वाढवतात, पण अजिबात वाढवत नाहीत असं नाही. आणि जास्त खाल्ले तर जुलाब होतात. तसं पाकिटावर छापलेलंही असतं, बारीक अक्षरात. ‘शुगर फ्री आहे’ म्हणून तीन बार खाणाऱ्याला याचा प्रत्यय लवकर येतो.

आता जी गोष्ट सांगितल्याशिवाय मी आज इथून खाली उतरणार नाही, ती सांगते. कृपया लक्ष द्या.

आपल्यातले काही जण इन्सुलिन घेतात, काही जण ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेतात. त्यांची साखर कधीकधी एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं असंबद्ध होतं. अशा वेळी पिशवीतला बार काढून खाऊ नका. सुकामेवा, प्रथिनं, चरबी आणि तंतू यांच्यामुळे बारमधली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आणि तेव्हा तोच वेळ आपल्याकडे नसतो. एरवी बारचा जो गुण, तोच इथे दोष ठरतो. तेव्हा साधी साखर किंवा ग्लुकोजची पावडर घ्यायची. पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून. नाहीतर अर्धा कप फळांचा गोड रस. पंधरा मिनिटांनी साखर तपासायची. सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की मग काहीतरी खायचं, आणि तिथे बार चालेल. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मधुमेह ज्यांच्या घरी आहे, त्यांनी हे आज जोडीदारालाही सांगा. पिशवीत बार ठेवा, पण त्याच्या शेजारी ग्लुकोजची छोटी पुडी ठेवा. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी प्रोटीन बार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. किती प्रथिनं घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. आणि शेंगदाण्याची किंवा सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी घरात कोणाला असेल, विशेषतः नातवंडांना, तर यादीखालची ठळक ओळ वाचल्याशिवाय त्यांच्या हातात काही देऊ नका.

आता व्यासपीठाकडे वळते. सर, बाई, आतापर्यंत मी जे बोलले ते या समोरच्या पोरांसाठी होतं. आपल्यासाठी हिशोब वेगळा आहे. पंचाहत्तरी-ऐंशीनंतर बऱ्याचदा खाणं जास्त होण्यापेक्षा कमी होण्याचीच काळजी असते. भूक मंदावते, चव कमी लागते, एकटं राहणाऱ्याला स्वतःपुरतं करायचा कंटाळा येतो, आणि मग दोन चहा-बिस्किटांवर दिवस जातो. कपडे सैल होतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. याचं एक मोठं कारण म्हणजे स्नायू झिजणं. मुलं-सुना प्रेमाने ‘साखर नको, तूप नको, तेल नको’ करत राहतात आणि ताटात काहीच उरत नाही. वजन आपोआप उतरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि पथ्य थोडं सैल करायचं का तेही त्यांनाच विचारा. बार घ्यायचाच असेल तर मऊ घ्या, दुधाबरोबर घ्या. चिकट, कडक बार कवळीला चिकटतो आणि गिळताना अडकतो. त्यापेक्षा दुधातली नाचणीची खीर, अंडं, मऊ पनीर, दाण्याचं कूट घातलेलं दही हे आपल्याला जास्त सोयीचं. आमच्यातल्या ज्यांचे आईवडील सुदैवाने आहेत, त्यांनीही हे लक्षात ठेवा. स्वतःचं पथ्य आईच्या ताटात वाढू नका.

शेवटी घरचा विचार. बार ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, तिळगूळ, डिंकाचा लाडू हे आपले बारच. पण घरचं म्हणून मोजायचं नाही, असंही नाही. चिक्कीत साधारण निम्मा गूळ असतो. पंचवीस ग्रॅमच्या तुकड्यात दहा ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे अडीच चमचे. संक्रांतीला, सहलीला खुशाल खा. रोजच्या साडेचारला नको.

त्याऐवजी मी घरी करते ती वडी सांगते. सव्वाशे ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, पन्नास ग्रॅम भाजलेले तीळ, पंचवीस ग्रॅम भाजून भरडलेली जवस, पंचवीस ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या आणि सव्वाशे ग्रॅम मऊ, बिया काढलेला खजूर. खजूर कढईत मंद आचेवर परतून मऊ करायचा, चिमूटभर मीठ आणि वेलची घालायची, बाकी सगळं त्यात मळायचं, ताटात थापून चौदा वड्या पाडायच्या. एक वडी पंचवीस ग्रॅमची होते. तीत सुमारे एकशे दहा कॅलरी, साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि सहा ग्रॅमच्या आसपास खजुराची साखर. एका वडीबरोबर एक वाटी ताक किंवा मूठभर फुटाणे घेतले की साडेचारचं काम झालं. डबा हवाबंद ठेवा, फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतात. आणि डबा टीव्हीपासून लांब ठेवा, हे सर्वांत महत्त्वाचं.

ज्यांना करणं जमत नाही त्यांनी बाजारातून आणावं, त्यात कमीपणा नाही. रात्रपाळी करणारे, दिवसभर रस्त्यावर असणारे, परदेशात असणारे, प्रवासात कुठे काय मिळेल याचा भरवसा नसणारे, यांच्यासाठी चांगला बार हा मोठा आधार आहे. कशाच्या जागी ते ठरवा, पाकीट उलटं करा, पहिली तीन नावं आणि पाच ओळी वाचा, त्रैराशिक मांडा. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतील. चौथ्या पाकिटाला अर्धं मिनिटही लागणार नाही. एकदा दोन-तीन बार नक्की झाले की मग रोज विचार करायची गरजही राहत नाही. फक्त सहा महिन्यांनी पुन्हा एकदा मागची बाजू वाचा, कारण चव तीच ठेवून घटक बदलले जातात.

माझी वीस मिनिटं संपली, आणि बाहेर चहाची भांडी वाजायला लागली आहेत. चहाबरोबर भडंग आहे असं कळतं, तेव्हा मुठी मोजून घ्या. कोणाच्या पर्समध्ये बार असेल तर घेऊन या, तिथेच उभ्या उभ्या वाचू. पुढच्या मेळाव्याला आपण सगळे, इथे बसलेले सगळे, असेच भेटू या.